हत्यारांचा कायदा आणि नागरिकाची पत

मार्च १८७८ या एकाच महिन्यात लॉर्ड लिटन यांच्या कौन्सिलाने दोन कायदे मंजूर केले. एक देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा, दुसरा हत्यारांचा. दोहोंची जातकुळी एकच. पहिल्याने इंग्रजीत छापणारास मोकळे सोडून मराठी, बंगाली वा उर्दू लिहिणारास जखडले. दुसऱ्याने, म्हणजे त्याखाली झालेल्या नियमांनी, युरोपियनास मोकळे सोडून एतद्देशीयांच्या बंदुकीवर परवान्याचे कुलूप घातले. तेथे भाषेवरून माणसाची पारख, येथे जन्मावरून. असे असूनही या जुळ्या भावंडांचे आयुष्य फार निराळे झाले. वृत्तपत्रांचा कायदा रिपनसाहेबांच्या कारकिर्दीत १८८२ साली रद्द झाला. हत्यारांचा कायदा मात्र लिटन गेले, रिपन गेले, शेवटी इंग्रजही गेले, तरी जागचा हालला नाही. १९५९ साली स्वतंत्र भारताच्या संसदेने नवा कायदा केला व तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला, तेव्हा कोठे जुन्यास निरोप मिळाला. चौऱ्याऐंशी वर्षांचे हे आयुष्य.

आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या कायद्यास परिच्छेद मिळतो, दुसऱ्याची अर्ध्या ओळीत वासलात लागते. इतिहास लेखणीवाल्यांनी लिहिला म्हणजे त्यात लेखणीच्या दुःखास जागा अधिक मिळावयाची, हे ओघानेच आले. परंतु या अर्ध्या ओळीमुळे एक घोटाळा झाला आहे. अमेरिकेत शाळेत वा बाजारात गोळीबार झाल्याचे वर्तमान येते, आणि बंदूक बाळगणे हे व्यक्तिस्वातंत्र्य आहे की नाही हा तेथला वाद आपल्याकडेही वाचला जातो. तेव्हा हे सारे परक्या देशातील खूळ आहे, आपला त्याशी संबंध नाही, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः हाच वाद या देशात साठ वर्षे चालला होता, आणि आमचे बहुतेक वंदनीय पुढारी त्यात ज्या बाजूस उभे होते ती बाजू आज ऐकून पुष्कळांस धक्का बसेल. ते तेथे का उभे होते, आणि स्वराज्य येताच ती बाजू एकाएकी ओस का पडली, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम कायद्याकडे पाहू. त्याची मुळे सत्तावनच्या बंडात आहेत. बंड चालू असतानाच, १८५७ सालीच, हत्यारे व दारूगोळा यांच्या आयातीवर, कारखान्यांवर आणि विक्रीवर बंधने घालणारा कायदा झाला. १८६० साली तो पुन्हा केला गेला. हे कायदे भीतीपोटी झालेले होते व भीती ओसरल्यावर ते सैलावतील असे कोणास वाटले असल्यास ते चुकले. १८७८ च्या कायद्याने ती भीती कायमची केली. हत्यारांच्या व्याख्येत बंदूक आणि तोफ तर आलीच, पण तलवार, खंजीर, भाला, भाल्याचे नुसते पाते, आणि धनुष्यबाणदेखील आले. परवान्यावाचून बंदूक बाळगणारास तीन वर्षांपर्यंत कैद वा दंड, व तीच गोष्ट लपवून केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. सत्ताविसाव्या कलमाने मात्र सरकारने एक दार स्वतःच्या हाती ठेवले होते: वाटेल त्या माणसास वा वर्गास या कायद्यातून माफी देण्याचे. या दारातून युरोपियन, युरेशियन, आर्मेनियन आणि अमेरिकन हे जन्माच्या बळावर आत गेले. राजेरजवाडे व सरकारी मानमरातबाचे काही धनी त्यांच्या मागून गेले. बाकीच्यांनी अर्ज करावा.

हा कायदा करणारे लोक ज्या देशातून आले होते तेथे त्या काळी काय चालले होते? इंग्लंडात १८७० च्या कायद्याप्रमाणे बंदूक घेऊन घराबाहेर पडावयाचे तर दहा शिलिंग भरून टपालकचेरीतून परवाना आणावयाचा. तो कर होता, चौकशी नव्हती. टपालबाबू कोणास कारण विचारीत नसे. १६८९ च्या हक्कांच्या सनदेत प्रॉटेस्टंट प्रजेस आपापल्या स्थितीस अनुरूप व कायद्यास मान्य अशी हत्यारे बाळगण्याची मुभा लिहून ठेविली होती. ब्लॅकस्टनने तिची गणना इंग्रजाच्या हक्कांचे रक्षण करणाऱ्या साहाय्यक हक्कांत केली. आणि ज्या मेकॉलेसाहेबांनी आम्हांस इंग्रजी शिकविण्याचा संकल्प केला व आमच्यासाठी दंडसंहितेचा खर्डा तयार केला, त्यांनीच हॅलमच्या ग्रंथावरील १८२८ च्या निबंधात, राजसत्ता माजू नये म्हणून ज्या हमी असतात त्यांत लोकांच्या हाती शस्त्र असणे ही सर्वांत भरवशाची, असे प्रतिपादन केले आहे. ही पुस्तके आमच्या कॉलेजांत शिकविली जात. तरुण पदवीधराने सकाळी वर्गात इंग्रजाच्या या हक्काचे स्तोत्र वाचावे आणि संध्याकाळी आपण त्या हक्कास अपात्र ठरविले गेलो आहोत हे गॅझेटात वाचावे, अशी ही मौज होती. कायद्याविरुद्ध जो आवाज उठला तो बंदुका वापरणाऱ्यांनी नव्हे, तर मुख्यत्वे ज्यांनी जन्मात बंदूक हाती धरली नव्हती अशा वकील-मास्तरांनी उठविला, याचे मर्म येथे आहे.

इंग्रजांपूर्वी येथे ज्याच्या त्याच्या कमरेला हवी तशी तलवार लटकत होती व राज्यकर्ते त्यावर खूष होते, अशी समजूत करून घेणेही बरोबर नाही. मराठी वाचकास शिलेदार आणि बारगीर हा भेद सांगावयास नको. शिलेदार स्वतःचे घोडे व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराचे दोन्ही सरकारी. शिवछत्रपतींनी पागेचे बळ वाढविले आणि शिलेदारांस तिच्या ताब्यात ठेविले. कारण उघड आहे. ज्याचे हत्यार त्याच्या घरचे, त्याची मर्जीही त्याच्या घरची असते. राज्य स्वकीय असो की परकीय, प्रजेच्या घरातील शस्त्राकडे ते थोड्या संशयानेच पाहते. भेद इतकाच की शिलेदारावर ज्याचा विश्वास कमी त्या राज्यकर्त्यास त्याची गरजही होती, आणि म्हणून त्याचा मान राखणे भाग होते. लिटनसाहेबांच्या सरकारास खेड्यातील पाटलाच्या बंदुकीची गरज नव्हती.

या कायद्याने साधले काय? कायदा झाल्यास वर्षही पुरते लोटले नव्हते तोच फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके रामोश्यांची टोळी जमवून उठले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांजवर पिस्तुले झाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांस ज्या पिस्तुलाने मारले, ते सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हाती पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते. परवाना यांपैकी कोणी मागितला नव्हता. कायदा कायदा पाळणारासच बांधतो, दुसऱ्यास नाही, हा जो युक्तिवाद आज अमेरिकेत ऐकू येतो तो या उदाहरणांवरून कोणासही सुचेल, व त्या काळी तो सुचलाही होता. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केलेला कुणबी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, आणि ज्यास खून करावयाचा तो हत्यार पैदा करतोच, असे म्हटले जाई.

मला हा युक्तिवाद दिसतो तितका पक्का वाटत नाही. वीस पिस्तुलांसाठी लंडनहून माणूस पाठवावा लागला, यातच कायद्याचे यश आहे. ज्या राज्यात बंडखोरांचा शस्त्रसाठा एका प्रवाशाच्या सामानात मावतो, त्या राज्यास शस्त्रांची धास्ती बाळगण्याचे कारण उरत नाही. निःशस्त्रीकरणाचा कायदा निरुपयोगी होता म्हणून वाईट, असे नव्हे. तो चांगलाच उपयोगी होता. त्याची खरी वाईट बाजू निराळी होती, आणि ती राष्ट्रीय सभेच्या पहिल्या पिढीने अचूक हेरली.

१८८७ च्या डिसेंबरात मद्रास येथे राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन भरले. तेथे बिपिनचंद्र पाल यांनी या कायद्याविरुद्ध जोरदार भाषण केले, आणि सभेने जो ठराव केला तो आजही शब्द मोजून वाचण्याजोगा आहे. लोकांची राजनिष्ठा, कायद्यापासून होणारा जाच आणि लोकांवर विनाकारण येणारा कलंक, ही तीन कारणे त्यात दिली आहेत. राजनिष्ठेचा उल्लेख वाचून हसू येईल. पण त्या काळी दरबारी दार ठोठावण्याची ती रीतच होती. लक्ष द्यावयाचे ते तिसऱ्या कारणाकडे. कलंक. आमच्याजवळ बंदूक नाही हे दुःख नव्हे. आमच्याजवळ बंदूक देण्याजोगा विश्वास सरकारास वाटत नाही, आणि शेजारच्या मळेवाल्या साहेबाच्या बारा गावच्या मित्रांविषयी मात्र वाटतो, हे दुःख.

पुढे मागणी आली आहे ती अशी: सर्व माणसांस हत्यार बाळगता यावे, ज्या व्यक्तीस, जातीस वा वर्गास सरकार मनाई करू इच्छील तीस करावी, परंतु मनाईची कारणे लेखी नमूद करून रीतसर प्रसिद्ध करावी. ज्यांनी हा मसुदा केला ते कायदा जाणणारे होते यात शंका नाही. ते मोकाट स्वातंत्र्य मागत नव्हते. मनाई करण्याची सरकारची सत्ता त्यांनी मान्य केली, एवढेच नव्हे तर ती संबंध जातीवर चालविण्याचीही सत्ता मान्य केली, आणि हा ठरावाचा दुबळा भाग होय. पण पुराव्याचा बोजा त्यांनी फिरविला. १८७८ च्या कायद्यात मनाई हा नियम आणि परवाना हा अपवाद. मद्रासच्या ठरावात मुभा हा नियम आणि मनाई अपवाद, तीही कारण सांगून. नागरिकाने आपली पत सिद्ध करावी, की सरकारने त्याची नापत सिद्ध करावी, एवढाच प्रश्न होता. बंदूक हे निमित्त.

पुढील तीस वर्षांत अशा मागण्यांची गत अर्जविनंत्यांची होते तीच झाली. नंतर महायुद्ध आले. १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात सरकारासाठी सैन्यभरती करीत फिरत होते. अहिंसेच्या उपासकाने हे काम अंगावर घ्यावे हेच चमत्कारिक; त्यातून भरतीच्या पत्रकात त्यांनी, संबंध राष्ट्रास निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राज्याच्या काळ्या कृत्यांतील सर्वांत काळे कृत्य होय, असा अभिप्राय दिला व तो रद्द व्हावा असे वाटत असेल तर सैन्यात शिरून हत्यार चालविण्यास शिका असे लोकांस सांगितले. कमिशनरसाहेबांस हे पत्रक रुचले नाही, असे त्यांनीच आत्मकथेत नमूद केले आहे. गांधीजींच्या लिखाणातील हा भाग अमेरिकेतील बंदूकवाले मोठ्या हौसेने पुढे करतात. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. ज्यास मारता येत नाही त्याने न मारण्याची प्रतिज्ञा केली तर तिला मोल काय, हा त्या पत्रकामागील विचार होता. घरोघरी पिस्तूल असावे हा नव्हता.

१९२० च्या नव्या नियमांनी जन्मावरून मिळणारी माफी काढून टाकली. योगायोग असा की त्याच साली इंग्लंडातही पहिल्यांदा बंदूक व पिस्तूल बाळगणारास पोलीस-अधिकाऱ्याचा दाखला सक्तीचा झाला. युद्धावरून परतलेले सैनिक आणि रशियातील राज्यक्रांतीची धास्ती, अशी दुहेरी भीती त्यामागे होती. टपालकचेरीतील दहा शिलिंगांचे दिवस संपले. ज्या संशयाने सत्तावन साली हिंदी माणसाकडे पाहिले गेले त्याच संशयाने आता इंग्रज मजुराकडे पाहिले जाऊ लागले! साम्राज्यात शिकलेले धडे घरी कामी येतात, ते असे.

येथील मागणी मात्र थांबली नाही. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांजपुढे जे अकरा मुद्दे मांडले त्यांत मीठ व दारूबंदी यांच्या जोडीला आत्मसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने मिळावेत व त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, हाही एक होता. मिठाच्या प्रकाशात तो झाकला गेला. १९३१ साली कराचीच्या ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांस अधीन राहून हत्यार बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क स्पष्ट शब्दांत घातला गेला. म्हणजे राष्ट्रीय सभा ज्या दिवशी सत्तेवर येईल त्या दिवशी हा हक्क मिळणार, असे वचन कागदावर होते.

ते वचन वटविण्याची वेळ डिसेंबर १९४८ च्या आरंभी आली. घटनासमितीपुढे मसुद्याचे तेरावे कलम, आजचे एकोणिसावे, चर्चेस होते. मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी कराचीच्या ठरावाचे स्मरण देऊन, नियमांस अधीन असा शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात घालावा अशी उपसूचना मांडली. कामत हे आय. सी. एस. सोडून आलेले गृहस्थ. कलेक्टरच्या खुर्चीतून परवाना कसा दिला जातो व कसा नाकारला जातो हे त्यांस ठाऊक असणार. डॉ. आंबेडकरांनी २ डिसेंबरास उत्तर दिले. परक्या सरकारच्या जाचाविरुद्ध ती मागणी रास्त होती, आता परिस्थिती बदलली आहे. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते मारक हत्यार खरेदी करावे असा हक्क दिल्यास राज्यकारभार चालणार कसा, हे त्यांस समजत नव्हते. आणि आग्रह धरावयाचा तर शस्त्राच्या हक्काचा न धरता देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असा त्यांचा रोख होता. उपसूचना नामंजूर झाली. त्या कलमात आज शस्त्राचा उल्लेख एकदाच येतो, तो शांततेने व निःशस्त्र जमण्याच्या हक्कात. याखेरीज पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणास जागा मिळाली आहे.

डॉ. आंबेडकरांचा निकाल मला बरोबर वाटतो. ते साल कोणते होते हे विसरून चालणार नाही. फाळणीच्या कत्तलींस पुरते दीड वर्षही झाले नव्हते. ३० जानेवारीस गांधीजींच्या छातीत तीन गोळ्या शिरल्या होत्या. गावठी बंदुका व खासगी सेना यांनी संस्थानांत काय केले हे ताजे होते. अमेरिकेने १७९१ साली हा हक्क घटनेत कोरला. तेव्हा तेथील शस्त्र म्हणजे एकेक गोळी ठासून उडवावयाची बंदूक होती. त्या दुरुस्तीचा अर्थ सैन्यदलापुरता की व्यक्तीपुरता, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली व्यक्तीच्या बाजूने सोडविला. २०२१ या एका वर्षात तेथे बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. राजसत्तेच्या धाकासाठी ठेवलेले हत्यार बहुतेक वेळा धन्याच्याच कानशिलास लागते. ही किंमत मोजण्याचे आमच्या घटनाकारांनी टाळले, हे त्यांचे उपकारच आहेत.

परंतु हक्क नाकारला म्हणून मद्रासचा प्रश्न सुटला असे होत नाही. मनाईची कारणे कोणी, कोणास, कशी द्यावी? डॉ. आंबेडकरांचे उत्तर बाजारातील मोकाट खरेदीला होते. कामतांच्या उपसूचनेत नियमांचे बंधन होतेच, आणि त्यांचा अधिक अडचणीचा प्रश्न, नियम चालविणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीचा, त्या उत्तराच्या कडेने निघून गेला. अमेरिकेत २०२२ साली जो न्यूयॉर्कचा १९११ पासूनचा कायदा रद्द झाला त्यातही वादाचे मूळ हेच होते: सामान्य माणसाने अधिकाऱ्यापुढे आपले विशेष कारण सिद्ध करावे की नाही. तेथील न्यायालयाने काढलेले उत्तर मला अतिरेकी वाटते. प्रश्न मात्र खोटा नव्हे.

आमच्या १९५९ च्या कायद्यात या प्रश्नाशी झुंजल्याच्या खुणा दिसतात, आणि त्याबद्दल त्याची वाखाणणी कोणी फारशी केलेली नाही. तलवार-भाल्यांसारख्या हत्यारांस सरसकट परवाना न लावता, सरकार जाहीर करील तेवढ्या प्रदेशापुरता तो ठेवला. वीस इंचांहून कमी नाही अशा लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी वा शिकारीसाठी मागणाऱ्या नागरिकास, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्यास परवाना 'द्यावा' असे कलम घातले. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये असेही लिहिले. लिटनच्या काळात पत म्हणजे कातडीचा रंग व मागाहून जमिनीचा सारा. ती कल्पना या एका वाक्याने मोडली. पुढे १९८३ साली एका माणसास तीनच बंदुकांची मर्यादा आली, २०१९ साली ती दोनांवर आली. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाराससुद्धा शिक्षा ठरली. हे सारे योग्य दिशेने आहे. पण पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत अर्जदाराचे कारण सबळ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते, आणि हे सबळ कारण कायद्यात कोठेही उलगडलेले नाही. परिणामी कमरेचे पिस्तूल हे आमच्याकडे संरक्षणाचे साधन कमी व वजनाची निशाणी अधिक झाले आहे. ज्यास वजन नाही व नीतीही नाही तो गावठी कट्ट्याकडे वळतो.

जन्मावरून माफी ही गोष्टही पुरती गेलेली नाही. कोडगूतील कोडवांस व तेथील जम्मा जमिनीच्या वतनदारांस १८६१ पासून जी सूट आहे ती आजतागायत चालू आहे. २०१९ च्या अधिसूचनेने ती २०२९ पर्यंत वाढविली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. कैलपोद सणास ते लोक बंदुकांस फुले वाहतात. त्यांच्या त्या बंदुकांची मला भीती वाटत नाही. पण एका जमातीवर परंपरेने टाकलेला विश्वास दुसऱ्या जमातीवर का टाकू नये, याचे उत्तर मात्र त्या अधिसूचनेत शोधून सापडावयाचे नाही.

१९५९ च्या कायद्याचे चौदावे कलम सांगते की परवाना नाकारल्यास अधिकाऱ्याने कारणे लेखी नमूद करावी आणि अर्जदाराने मागितल्यास त्यांचा गोषवारा त्यास द्यावा. १८८७ च्या मद्रास-ठरावातील अर्धे शब्द बहात्तर वर्षांनी येथे कायद्यात उतरले. उरलेले अर्धे त्याच वाक्याच्या शेपटीत अडकले आहेत: गोषवारा देणे सार्वजनिक हिताचे नाही असे अधिकाऱ्यास वाटल्यास तो देऊ नये. निर्णयावर अपील आहे. मात्र हुकूम खुद्द सरकारचा किंवा सरकारच्या सांगण्यावरून झालेला असेल, तर तेही नाही.